गाठींवरची इंग्रजी

कार्तिक उतरला की अकोल्याच्या जुन्या शहरातून कापसाच्या बंड्या पुन्हा जाऊ लागतात. मोर्णा नदीच्या उतारावर बैल थबकतात, गाडीवान त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकून राहतात. माझ्या शाळेची पोरं मधल्या सुट्टीत ते पुंजके काढून एकमेकांना मिशा लावतात. मी खिडकीशी बसून पाहतो. डोळे अधू झालेत, नाक मात्र शाबूत आहे. कच्च्या कापसाचा तो वास, थोडा धुळीचा, थोडा सरकीच्या तेलाचा, आत शिरला की मला अमरावतीची ती सुगी आठवते आणि तोंड कडू होतं. लोक त्या काळाला सोन्याचा काळ म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्या सोन्याच्या माडीवर बसून पोरांना लिहायला शिकवत होतो. सोनं खालून कसं दिसतं आणि वरून कसं, हे मला ठाऊक आहे.

सातासमुद्रापलीकडे कुठेसे गोरे आपापसांत लढत होते. त्यांचं नाव-गाव आमच्याकडे कोणालाही धड सांगता येत नव्हतं. पण त्यांचा कापूस विलायतेला जाणं बंद पडलं आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाड आठवलं. झालं. कालपर्यंत सतरंजीवर बसून पानाला चुना लावणारे अडते विलायती खुर्च्या मागवू लागले आणि त्या खुर्च्यांवर मांडी घालून बसू लागले. ज्या दुकानात शिरताना डोकं वाकवावं लागे, तिथे झुंबर टांगलं गेलं. आता आत शिरताना डोकं वाकवायचं आणि शिरल्यावर झुंबर चुकवायचं. कोणाच्या मेजवानीत किती तूप वाया गेलं यावर कोणाची किती इज्जत ते ठरत असे.

तुळशीरामशेट या मंडळींतले पुढारी. कापसाची मोठी वखार त्यांची. वखारीच्या माडीवर भिंतीला घड्याळं लावलेली होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. मी पहिल्या दिवशी त्यांना म्हटलं, ‘‘शेटजी, यातलं खरं कोणतं?’’

ते म्हणाले, ‘‘खरं कशाले पाह्यजे मास्तर? वाजते ना? बस झालं.’’

त्या माणसाबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे आहे. पण पुढे बरंच घडलं, म्हणून लिहितो.

मी मूळचा अकोटकडचा. घरी काळी जमीन होती, पण मामांनी मला नागपुरास नेऊन पाद्र्यांच्या शाळेत घातलं आणि मी इंग्रजी शिकलो. तेव्हा वऱ्हाडात इंग्रजी येणारा माणूस शोधून काढावा लागे. शेटजींना साहेबांशी व्यवहार करायचा होता. दुभाष्यावर त्यांचा भरवसा नव्हता, कारण स्वतः ते कोणाला भरवसा ठेवू देत नसत. म्हणून त्यांनी माडीवर इंग्रजी शाळा काढली. दिवसा घरची आणि आळीतली मुलं, दिवेलागणीला बाजारातले दलाल.

दलालांच्या वर्गाची आठवण झाली की अजून हसू येतं, आणि ते चांगलं हसू नसतं. त्यांना भाषा नको होती, भाषेचा शिक्का हवा होता. एक जाडजूड दलाल मला म्हणाला, ‘‘मास्तर, चिठ्ठीचं शेपूट आधी शिकवा. थे ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ म्हंतात ना, थे. डोकं मंग पाहू.’’ महिनाभर तो तेवढंच गिरवत बसला. पुढे साहेबाला त्याने खरोखरच तसा कागद धाडला. वर काही नाही, खाली आज्ञाधारक सेवक. साहेबाने तो कागद सगळ्यांना दाखवला म्हणतात. दलालाला त्याचाही अभिमान वाटला.

मुलांची गोष्ट निराळी. मुलं अजून बिघडायची होती, आणि ते काम करायला शेटजींनी पुण्याहून हेडमास्तर आणले होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, कारण त्यांनी आल्या आल्या तसं सांगून ठेवलं होतं. उपरणं नेहमी परीटघडीचं, बोलणं त्याहून कडक. वऱ्हाडी बोली कानावर पडली की ते नाकाला रुमाल लावत. एखादं पोर ‘मले तहान लागली’ म्हणालं की ते म्हणत, ‘‘मले नव्हे, मला. आधी जीभ धुऊन ये, मग पाणी.’’ आणि पोर ‘मला’ म्हणेपर्यंत खरंच पाणी देत नसत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लिहायला शिकवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. विलायतेहून छापून आलेल्या कित्त्यात वर एक सुंदर वळणदार ओळ असे आणि खाली रिकाम्या रेघा. ओळ कसली तर सद्गुणांची. मुलांनी ती खालपर्यंत उतरवायची. अर्थ विचारायचा नाही. ‘‘हात वळला की मन वळतं,’’ असं त्यांचं म्हणणं. मुलांचे हात सुरेख वळले. रांगोळी काढावी तशी ती इंग्रजी काढत. सत्य बोलण्याची महती इतक्या देखण्या अक्षरात मी पुन्हा कधी पाहिली नाही. त्यातल्या एकाही मुलाला आपल्या अक्षरात काय लिहिलंय हे ठाऊक नव्हतं.

लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. रावसाहेब दुपारी जेवून घोरायला लागले की मी कित्ते बाजूला ठेवायचो. मुलांना म्हणायचो, आज काय पाहिलं ते सांगा. आपल्या बोलीत सांगा. मग तेच बालबोधीत लिहायचं, आणि लिहिलेलं सगळ्यांनी मिळून इंग्रजीत न्यायचं. आधी कोणी बोलेना. मास्तर विचारतो म्हणजे काही तरी चुकलं असणार, एवढं शिक्षण त्यांना मिळालेलं होतं. मग एके दिवशी पिंजाऱ्याचा करीम हळूच म्हणाला, ‘‘अब्बाची कमान तुटली. लई वरडले.’’ आम्ही ते लिहिलं. कापूस पिंजायच्या कमानीला इंग्रजी शब्द शोधताना मलाच घाम फुटला. करीम स्वतःचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिला, आणि मग म्हणाला, ‘‘मास्तर, ये तो मेरे घर का है.’’ त्याला वाटत होतं इंग्रजीत फक्त साहेबाच्या घरचं लिहिता येतं.

तेव्हापासून माडीवर दुपारी बाजार भरू लागला. कोणाची म्हैस व्याली, कोणाची आजी विहिरीपाशी घसरली, कोणाच्या भावाने सरकीच्या ढिगात भुयार करून त्यात मांजर कोंडलं. इंग्रजीची उलटी चाल त्यांना फार गमतीची वाटे. आपण म्हणतो ‘मी पाणी पाहिलं’, साहेब म्हणतो ‘मी पाहिलं पाणी’.

‘‘साहेबाले घाई असते,’’ शेटजींची मुलगी मथुरा म्हणाली. ‘‘काय पाह्यलं थे मंग सांगते, पाह्यलं म्हून आधीच सांगून टाकते.’’

मथुरा तेव्हा असेल आठ-नऊ वर्षांची. मुलींना शिकवायचा विचार शेटजींच्या स्वप्नातही आला नसता. पण शाळा त्यांच्याच माडीवर, आणि भावाच्या मागे मागे येऊन बसणाऱ्या पोरीला हाकलण्याइतकं लक्ष तिच्याकडे कोणाचं नव्हतं. अशी ती शिकली. नाकात चमकी, गुडघ्यावर पाटी, आणि प्रश्न असे की माझी झोप उडावी. इंग्रजीत ‘मी’ हे अक्षर वाक्यात कुठेही आलं तरी मोठंच काढतात, हे कळल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसली.

‘‘आन् ‘तू’?’’

‘‘तू लहान.’’

‘‘काहून?’’

‘‘ते साहेबालाच विचारायला हवं,’’ मी म्हणालो.

माडीच्या फळ्यांमध्ये फटी होत्या. खाली कापसाचे ढीग, बारदानात रुई दाबून गाठी बांधणारे हमाल, आणि हवेत इतकी रुई तरंगायची की दौतीतल्या शाईवर साय धरे. मुलं पोटावर आडवी होऊन फटींतून पाहत आणि मग मला वाक्यं आणून देत. मथुरेनेच एकदा सांगितलं, ‘‘खाली बाबा पाणी शिपडवून राह्यले कापसावर.’’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण ते साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. ओला कापूस जड भरतो. काही जण तर रुईच्या पोटात सरकी आणि माती घालत. साहेबांच्या गिरण्यांना कापसाची भूक इतकी होती की ते डोळे मिटून घेत आणि आमचे लोक त्या मिटल्या डोळ्यांसमोर नाचत. त्या साऱ्या सुगीत मला खरा असा एकच धंदा दिसला, तो माणसांची लाज विकण्याचा. तिला गिऱ्हाईक भरपूर होतं.

पौषात माल धाडायची घाई झाली. रेल्वे येणार येणार म्हणत होते, आलेली नव्हती. बंड्यांचे तांडे मैलोगणती उभे. दर गाठीवर इंग्रजीत मालाची प्रत लिहावी लागे, आणि ते लिहिणारे रंगारी बाजारात मिळेनासे झाले. शेटजी माडीवर आले. मुलांचे कित्ते त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘अक्षर तं छापल्यासारखं हाय! रावसाहेब, पोराईले गाठीवर लिवाले लावा. ‘उत्तम’ लिवा म्हना. सगळ्यावर ‘उत्तम’.’’

मला वाटलं, आता तरी हेडमास्तर काही म्हणतील. इतके दिवस सत्याची महती गिरवून घेतली होती. रावसाहेबांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, ‘‘उपयुक्त शिक्षण म्हणतात ते हेच, शेटजी. मुलांना व्यवहाराचा सराव होईल.’’

मी म्हणालो, ‘‘माल ओला आहे. मुलांना ‘उत्तम’चा अर्थ ठाऊक आहे. निदान माझ्या वर्गातल्या मुलांना तरी.’’

शेटजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आलेला नव्हता, खरंच नवल वाटलं होतं. ‘‘अर्थ तुमाले कोनं शिकवाले सांगतला होता?’’

मुलांना मात्र आनंदाची उकळी फुटली. पाटी-पेन्सिल सोडून कुंचा हातात मिळणार, काजळी आणि तेलाचा काळा रंग, आणि गाठी तर त्यांच्याहून उंच. ती ओट्यावरून लिहीत सुटली. करीमच्या नाकावर, बाकीच्यांच्या सदऱ्यांवर, सगळीकडे काळं. मी दारात उभा होतो. मुलांचं इंग्रजी पहिल्यांदाच जगात जात होतं, आणि ते असं जात होतं.

मथुराही लिहीत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. ती मागच्या बाजूच्या गाठींपाशी होती. बारदानाला हात लावून पाहायची, हात परकराला पुसायची, मग कुंचा उचलायची. संध्याकाळपर्यंत बंड्या भरून बाजाराकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या बाजारात जो गलका उठला तो माडीपर्यंत ऐकू आला. शेटजींचा मुनीम धापा टाकत आला आणि म्हणाला, साहेबाने बोलावलंय, मास्तरांनाही घेऊन या. आम्ही सगळे गेलो. शेटजी, रावसाहेब, मी. मुनिमाने मथुरेला हाताला धरून आणलं होतं, कारण हमालांनी सांगून टाकलं होतं की मागच्या गाठी पोरीने लिहिल्या.

खरेदीवाला साहेब एका गाठीपुढे उभा होता. तोंडात चिरूट, तोंडभर हसू. गाठीवर ‘उत्तम’ नव्हतं. मोठ्या, थोड्या तिरप्या, पण स्वच्छ अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: या कापसात पाणी आहे, मी पाहिलं. त्यातला ‘मी’ तर चांगला हातभर उंच होता.

खरं सांगतो, माझ्या सबंध नोकरीत कोणा मुलाने लिहिलेलं काही पाहून मला इतका आनंद झालेला नाही. कोणी सांगितलं नाही, कोणी कित्ता दिला नाही. पोरीला काही सांगायचं होतं आणि तिने ते सांगितलं. लिहिणं म्हणजे दुसरं काय असतं?

साहेबाने गाठ फोडायला लावली. मधला कापूस पिळण्याजोगा होता. आजूबाजूचे अडते आधी दचकले, आणि मग शेटजींची फजिती पाहून हसू लागले. हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाच्या गाठी तितक्याच ओल्या होत्या.

मला वाटलं, आता साहेब सगळा माल परत करणार. पाद्र्यांच्या शाळेत शिकलेला भाबडा मी! साहेबाने शेटजींना बाजूला घेतलं, भाव पाडला, आणि पाडलेल्या भावात सगळाच्या सगळा माल घेतला. ओला, सरकीचा, मातीचा, सगळा. फोडलेली गाठ पुन्हा शिवली. मग त्याने आपल्या माणसाला सांगून त्या वाक्यावर काळा रंग फिरवला आणि वरती ‘उत्तम’ लिहून घेतलं. एका पोरीचं खरं बोलणं त्याला भाव पाडायला उपयोगी पडलं, तेवढं त्याने वापरलं आणि पुसलं. जाताना त्याने मथुरेच्या गालाला चिमटा घेतला.

रावसाहेब तोवर ते वाक्य वाचत उभे होते. रंग फिरायच्या आत त्यांना मत द्यायचं होतं. ते मथुरेला म्हणाले, ‘‘वाक्याच्या आरंभी मोठं अक्षर नाही. आणि ‘मी’ची इथे काही गरज नव्हती. शिवाय वळण फार वाईट.’’

शेटजींनी मग भर बाजारात पोरीच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. वडिलांकडे पाहिलं, रावसाहेबांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी पुढे होऊन तिला माझ्यामागे घेतलं आणि म्हणालो, ‘‘शेटजी, मारायचं तर मला मारा. लिहायला मी शिकवलंय.’’

‘‘तुमाले मारून काय करू?’’ शेटजी म्हणाले. ‘‘तुमी उद्यापासून येऊ नका. इंग्रजी शिकवा म्हटलं होतं, थोबाड चालवाले नोतं म्हटलं.’’

मी दुसऱ्या दिवसाची वाटही पाहिली नाही. ट्रंक उचलली आणि अकोल्याची बंडी धरली. पुढे कळलं, मथुरेचा माडीवर जायचा जिना बंद झाला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं.

तिकडची लढाई संपली तसा आमच्या सोन्याचा मुलामा उतरला. साहेब आपल्या जुन्या बाजाराला परतले आणि वऱ्हाडचा कापूस वखारींत पिवळा पडत राहिला. तुळशीरामशेटची घड्याळं विकली गेली. घेणाऱ्यानेही कोणतं खरं ते विचारलं नसावं. मला दया आली नाही. आलीच असेल तर त्या हमालांची, ज्यांचे हात थंडीत ओल्या कापसाने सोलून निघाले होते. रावसाहेबांचं मात्र काही बिघडलं नाही. ते शाळा तपासणारे इन्स्पेक्टर झाले. असली माणसं होतात. माझ्या अकोल्याच्या शाळेत ते एकदा आले, पोरांच्या पाट्यांवर म्हशी, आज्या आणि मांजरं वाचून त्यांनी रुमाल नाकाशी नेला आणि शेऱ्यात लिहिलं की मुलांच्या लेखनात शिस्त नाही. मी तो शेरा मुलांना वाचून दाखवला आणि आम्ही त्याचं वऱ्हाडी केलं. फार छान झालं होतं.

मथुरा मला पुन्हा भेटली ती बऱ्याच वर्षांनी, इथेच, जुन्या शहराच्या बाजारात. भाजीवालीशी घासाघीस करणारा आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी थांबलो. तिने पदर सावरला.

‘‘मास्तर, वळखलं का?’’

तिचं सासर अकोल्यातच होतं, कापसाच्याच धंद्यात. बाजूला तिची मुलगी उभी होती, गाजर खात. मी विचारलं, ‘‘अजून लिहितेस?’’

‘‘लिवू कोनाले? पन वाचतो. मामंजीकडं साहेबाचे कागद येतात. दुभाष्या एक सांगते, कागदात दुसरंच असते. मी आतून आयकतो आन् मंग कागद पाहून सासूबाईले खरं काय थे सांगतो. दोघा दुभाष्याईले काढलं मामंजीनं तसं.’’

‘‘मग घरात मान असेल तुला.’’

‘‘मान?’’ ती हसली. ते हसू तिच्या लहानपणी तिच्यापाशी नव्हतं. ‘‘भेतात मले. सून वाचते म्हून माह्यासमोर कागद कोनी खोटा वाचत नाई आता. बरं हाय थे. मानापेक्षा बरं.’’

मी मास्तरासारखंच बोललो. म्हणालो, ‘‘तुझं ते वाक्य बरोबर होतं. रावसाहेब काहीही म्हणोत. एकही शब्द चुकला नव्हता.’’

मथुरेने मान हलवली. भाजी पिशवीत भरून झाली होती, तरी ती गेली नाही.

‘‘चुकलं नोतं, पन अर्धं होतं, मास्तर. ‘पाणी हाय’ लिवलं. ‘मी पाह्यलं’ लिवलं. पाणी कोनं टाकलं थे नाई लिवलं. शब्द येत नोता का भेव वाटलं, आजवर समजलं नाई मले.’’

तिने मुलीला गाजरासकट पुढे ढकललं.

‘‘हिले उद्यापासून धाडतो. पुरं लिवाले शिकवा.’’